बारा प्रश्नांतला पहिला

हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवून आणि कपाळ वरच्या कमानीला लावून मी बसलो होतो. आत एक सरळ रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या टोकाला, पार क्षितिजावर, एक रंगीत फुगा. फुगा क्षणात धूसर होई, क्षणात स्पष्ट. हलू नका, पापणीसुद्धा मिटू नका, असे चष्मेवाल्याने बजावले होते. नेमके त्याच वेळी माझ्या पाठीमागे दुकानाचे दार उघडले आणि कोणी तरी म्हणाले, "मास्तर, तुमचे बारा प्रश्न अजून चालतात बरं का." मला वळता येईना. मास्तर ही हाक मी अकरा वर्षांत ऐकली नव्हती. मी कुठल्याही शाळेत कधी शिकवलेले नाही. ते नाव मला कारखान्याने दिले होते, कारण जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक घेऊन बसे आणि कोणी काही विचारले की उत्तर देण्याआधी चष्मा काढून पुसत राही. तेवढ्यात समोरच्याचा धीर सुटे, आणि बहुतेक वेळा उत्तर द्यायची पाळीच येत नसे. आज चष्माही डोळ्यांवर नव्हता. तरी मान थोडी वळलीच. "हललात," चष्मेवाला म्हणाला. "पुन्हा घ्यावं लागेल."

डोके बाहेर काढले तर समोर पेन्सिल उभा. आमच्या खात्यात आला तेव्हा तो इतका उंच आणि शिडशिडीत होता की हे नाव पहिल्याच दिवशी त्याला चिकटले. आता पोट सुटले आहे, केस विरळ झाले आहेत, आणि ज्या खात्यात मी सव्वीस वर्षे खुर्ची झिजवली त्या खात्याचा तो प्रमुख आहे. पण नाव तेच. त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दुकानातल्या काचांच्या कपाटांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितले की नव्या विमानाचे ठरते आहे, एकोणीस कंपन्यांकडून फॉर्म भरून आले आहेत, फॉर्म अर्थात तुमचाच. गुरुवारी शेवटची बैठक. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीच्या बाईही येणार आहेत, कोणती विमाने घ्यायची ते त्या कंपनीत त्याच ठरवतात. तुम्ही यावे अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. मी चष्मा शोधू लागलो. तो माझ्याच हातात होता. "नुसतं येऊन बसायचं, मास्तर," तो हलकेच म्हणाला. "बोललंच पाहिजे असं काही नाही." त्याने ते प्रेमाने म्हटले. तो मला ओळखतो.

घरी येताना मी नेहमीचा बाकडा सोडून पुढे गेलो, मग परत येऊन त्यावर बसलो. आमचा कारखाना प्रवासी विमाने बनवतो. मी आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही. माझे काम वेगळे होते: वीस वर्षांनी विमान कंपन्यांना काय हवे असेल ते आज ओळखायचे. ऐकायला हे भविष्य सांगण्यासारखे वाटते, आणि खरे सांगायचे तर होतेही तसेच, फक्त आमच्याकडे पोपटाच्या जागी तक्ते होते. विमान कागदावर उतरून हवेत जाईपर्यंत आठ-दहा वर्षे जातात आणि मग ते तीस वर्षे उडत राहते. खुर्च्या बदलता येतात, रंग बदलता येतो, इंजिनेही काढून नवी लावता येतात. पंख मात्र एकदा ठरला की ठरला. पंख म्हणजे विमानाचे हाडपेर. आणि पंख किती मोठा हे ठरते त्या विमानाने एका दमात किती दूर जायचे यावर. म्हणून तीस वर्षांपूर्वी, खिडकी नसलेल्या एका खोलीत, मोठ्या साहेबांनी सांगितल्यावरून मी बारा प्रश्नांचा एक फॉर्म तयार केला. त्यातला पहिला प्रश्न असा: आपल्या विमानाने न थांबता सर्वांत दूर कोठे पोहोचले पाहिजे? हे वाक्य मी चार दिवस घासूनपुसून लिहिले होते. 'कोठे' की 'कुठे' यावर एक दुपार घालवली होती. प्रश्न बरोबर आहे की नाही यावर मात्र, मला आठवते त्याप्रमाणे, पाच मिनिटेही नाही.

सगळ्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर मनापासून दिले. कंपन्यांचे मोठमोठे लोक फॉर्म हातात घेत, पहिल्या प्रश्नापाशी थांबत आणि त्यांची पाठ ताठ होई. मी समोर बसलेला असे, म्हणून सांगतो. भिंतीवर नकाशा असला तर ते उठून नकाशापाशी जात. समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी शहरावर बोट ठेवत, जिथे त्यांचे एकही विमान आजवर गेले नव्हते. ती उत्तरे एकत्र करून आम्ही एक अंतर काढले, त्या अंतराचा पंख काढला, त्या पंखाला शोभेल एवढी टाकी आणि ते सगळे पेलतील असे जाडजूड पाय. विमान देखणे झाले. पहिल्यांदा उडाले तेव्हा कारखान्यातली माणसे छपरावर चढून बघत होती आणि माझ्या डोळ्यांत, कशाला लपवू, पाणी आले होते. मग ते विकले गेले नाही. म्हणजे गेले, पण जितके जायला हवे त्याच्या पाव. शेवटी कारखान्यातली दुसरी शेड बंद झाली. त्या शेडमधला एक फिटर आमच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. त्याने पुढे किल्ल्या बनवण्याचे दुकान काढले. मी त्याच्याकडून गरज नसताना तीन वेळा किल्ल्या करून घेतल्या. तो पैसे घ्यायला तयार नसायचा, म्हणायचा, "तुम्ही आपल्या कारखान्यातले." त्याला त्या फॉर्मबद्दल काहीच ठाऊक नव्हते.

घरी ही शिवणयंत्रावर वाकून कुणाच्या तरी पडद्यांना पट्टी मारत होती. हिने चाळीस वर्षे लोकांचे कपडे शिवले. आता सोडले म्हणते आणि सोडत नाही. यंत्राचा तो आवाज मला इतका सवयीचा आहे की तो थांबला तरच वाचनातले माझे लक्ष उडते. आमचे बरे चालले आहे. खरोखर बरे. सकाळी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी, मग वाचनालय, दुपारी एक डुलकी, संध्याकाळी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत फेरी. दहा-वीसचे विमान आमच्या छपरावरून जाते तेव्हा मी आता मान वर करून बघतही नाही. हे सुख मला फार उशिरा सापडले आणि त्यात आता एक गुरुवार घुसला होता. हिला सांगितले तर ती दोऱ्याचे टोक ओठांत धरूनच म्हणाली, जा की, चांगले कपडे घालायला निमित्त होईल. मग थोड्या वेळाने, यंत्र न थांबवता: "तुमचं ते फसलेलं विमान, त्याचंच का हे?" मी म्हटले, त्याच प्रश्नांनी आता दुसरे करताहेत. यंत्र थांबले.

मी पुस्तक उघडून एकाच पानावर बराच वेळ बसलो. कारण ते विमान का फसले हे मला माहीत होते. विमान वापरात येऊन तीन-चार वर्षे झाली असतील तेव्हा मला एका विमानतळावर पाठवले होते, तक्रारी लिहून आणायला. कंपनीच्या साहेबांनी काचेच्या खोलीत छान चहा पाजला आणि तक्रार नाही म्हणून सांगितले. परतताना माझा रस्ता चुकला, मी विमानाच्या पोटाखालीच येऊन पोहोचलो. तिथे सामान चढवणाऱ्यांचा मुकादम बादली उपडी करून त्यावर बसला होता. मी कोण हे कळल्यावर तो उठला नाही, पण सरकून मला अर्धी बादली दिली. सकाळपासून हे विमान चार वेळा इथे येऊन गेले, तो सांगू लागला. तासाभराच्या गावाला जाते, परत येते, पुन्हा जाते. लांब कधी जाते, मी विचारले. त्याने आठवून पाहिले. मागच्या सुट्टीच्या हंगामात एकदा गेले होते म्हणाला. मग त्याने विमानाच्या त्या सुंदर पंखाकडे हनुवटीने दाखवले. "साहेब, भाजी आणायला पैलवान पाठवल्यासारखं आहे हे. आणतो भाजी, पण खातो किती!" त्याची माणसे हसली, मीही हसलो. मग मी त्याला विचारत गेलो आणि तो सांगत गेला. डोक्यावरच्या कप्प्यांत बॅगा उभ्या मावल्या तर माणसे पटापट बसतात. पंचवीस मिनिटांत विमान परत निघाले तरच दिवसाची सहावी फेरी होते. वैमानिकांना नव्याने शिकवावे लागले तर कंपनी कपाळावर हात मारते. आणि कबूल केलेल्या महिन्यात विमान हातात मिळाले तर त्यापुढे बाकी सगळे माफ. इतके नीट मला कोणी कधी सांगितले नव्हते. बादलीवर बसून मी सगळे टिपून घेतले. इतक्या आनंदाने मी नोकरीत दुसरे काही टिपून घेतल्याचे आठवत नाही.

पुढे विमान का फसले याचा अहवाल लिहायचे काम माझ्याकडेच आले. प्रत्येकाजवळ कारण तयार होते. इंधन महागले, समोरच्या कारखान्याने आपले विमान आधी बाजारात आणले, इंजिनवाल्यांनी उशीर केला. सगळी कारणे खरी होती. नवव्या पानावर मी लिहिले की चूक पहिल्या प्रश्नात होती: आपण कंपन्यांना त्यांचे स्वप्न विचारले आणि त्यांच्या रोजच्या फेऱ्यांना त्या स्वप्नाचे ओझे बांधले. मोठ्या साहेबांनी ते पान दोनदा वाचले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मास्तर, हे बरोबर असेलही. पण याचा आता उपयोग कोणाला?" पान काढा असे ते म्हणाले नाहीत. मी घरी येऊन ते काढले, स्वतःच्या हाताने, आणि दहाव्या पानाचा आकडा खोडून नऊ केला. का काढले हे मी स्वतःला निरनिराळ्या वयांत निरनिराळ्या प्रकारे सांगितले आहे. भीती म्हणावे तर कोणी दटावले नव्हते. मला वाटते, मला त्या फॉर्मचा लोभ होता. त्या इमारतीत माझे म्हणून तेवढेच होते. लोक त्याला मास्तरांचे बारा प्रश्न म्हणत आणि जिन्यात हे कानावर आले की मी एक पायरी गाळून चढत असे.

बुधवारी जेवताना हिने विषय काढला, म्हणजे माझी ताटातली चिवडाचिवड बघून तिला तो काढावा लागला. मी सांगितले. मुकादमाचेही सांगितले, नवव्या पानाचेही. ते पान मी तिला इतक्या वर्षांत दाखवले नव्हते. ती ऐकत राहिली आणि मग हसायलाच लागली. मला जरा राग आला. "अहो, यात एवढं काय," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला कंबर विचारली तर ते लग्नातली सांगतं. म्हणून तर टेप असते." चाळीस वर्षे ही बाई माझ्या शेजारच्या खोलीत टेप गळ्यात अडकवून वावरत होती आणि मी तिला एकदाही विचारले नव्हते. मग तिचे हसू ओसरले. उद्या सांगितलेत तर, ती म्हणाली, ते तुमचे प्रश्न फेकून देतील. हो, मी म्हटले. आणि नाही सांगितलेत तर? मी म्हटले, तर पुन्हा पैलवान. पुन्हा कुठली तरी शेड बंद. ती उठून ताटे आवरू लागली. सल्ला देणे तिच्या स्वभावात नाही. कापड कुठे कापायचे हे गिऱ्हाइकाला दाखवून ती कात्री हातात धरून थांबते.

गुरुवारी फाटकावर मला पाहुण्याचा बिल्ला मिळाला. पहारेकरी नवा होता, नाव विचारून अगत्याने रस्ता दाखवत होता आणि मी तो प्रथमच बघत असल्यासारखा ऐकत होतो. बैठकीची खोली मोठी, तिला खिडक्या आहेत. पेन्सिलने मला टेबलाच्या डोक्याशी बसवले. समोरच्या पडद्यावर माझा फॉर्म होता, वर ठळक अक्षरांत 'मास्तरांचे बारा प्रश्न', आणि 'कोठे' अजूनही 'कोठे'च होते. टाळ्याही वाजल्या. मी मान खाली घालून त्या संपायची वाट पाहिली. मला अतिशय छान वाटले, हे लिहायला हवे. मग पेन्सिलने मांडायला सुरुवात केली. दोन वाटा: जुन्या विमानाला नवी इंजिने लावून चालवायचे, किंवा कोरे विमान, नवा पंख, लांबचा पल्ला. एकोणीसपैकी सतरा कंपन्यांनी पहिल्या प्रश्नाला दूरचे, फार दूरचे गाव लिहिले होते. पडद्यावर रेषा वर चढत गेली. बाजू स्पष्ट आहे, तो म्हणाला, आणि मास्तरांच्या साक्षीने आज ठरते आहे याचा आनंद आहे. कोणाचे काही म्हणणे? खोलीत ती शांतता पसरली जी मला पुरती ठाऊक आहे. तिच्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे. मी चष्मा काढला. पुसला. पण चष्मा नवा होता, दोनच दिवसांपूर्वीचा, आणि पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते. पेन्सिल कागद गोळा करू लागला.

"पहिला प्रश्न चुकीचा आहे," मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एकाने शेजाऱ्याला, काय म्हणाले, असे विचारले. मग मला ते पुन्हा म्हणावे लागले, आणि दुसऱ्यांदा म्हणणे हे पहिल्यापेक्षा अवघड असते, कारण तोवर चेहरे वळलेले असतात. मी सांगितले की हा प्रश्न मी लिहिला आणि तो तीस वर्षांपूर्वीही चुकीचाच होता. मागचे विमान त्याच्यामुळे जड झाले. हे मला तेव्हा कळले होते आणि मी अहवालातून ते पान काढून टाकले. मुकादमाचे वाक्य सांगताना माझी जीभ अडखळली आणि कोणी हसले नाही. पेन्सिलचा चेहरा पडला होता. मला त्याची दया आली; तो मला हार घालायला घेऊन आला होता आणि मी त्याच्याच टेबलावर कात्री चालवत होतो. "मास्तर," तो सावकाश म्हणाला, "पण सतरा कंपन्या खोटं कशाला सांगतील?" खोटे नाही, मी म्हणालो, पण पुढचे मला मांडता येईना. शब्द होते, त्यांची रांग लागत नव्हती. माझे वय झाले आहे, मला काय कळते, विमाने आता किती बदलली, असे सगळे डोक्यात येऊ लागले, आणि कदाचित मी माफी मागून गप्प बसलोही असतो.

तेव्हा इतका वेळ वहीत टिपून घेत बसलेल्या, गिऱ्हाईक कंपनीच्या त्या बाईंनी लेखणी खाली ठेवली. पन्नाशीच्या असतील, आवाजात कसलाही आवेश नाही. "एक सांगू का? आमच्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर अध्यक्ष स्वतःच्या हातानं लिहितात. बाकीचे अकरा माझ्याकडे येतात." कोणी तरी हसले. मग बरेच जण हसले. त्या हसल्या नाहीत. पहिला प्रश्न मला कोणी विचारलाच नाही कधी, त्या म्हणाल्या. पेन्सिलने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि त्याने जे विचारले त्यासाठी मी त्याला जन्मभर मानीन, कारण पंचवीस वर्षे ज्याने एक फॉर्म वाटला त्याला हे विचारणे सोपे नसते. "मग पहिला प्रश्न काय हवा होता, मास्तर?"

मला तो तयार करायला चार दिवस नव्हते. "काल तुमचं विमान कुठे गेलं होतं?" मी म्हणालो.

हे मी पेन्सिलला सांगत होतो, पण बाईंना वाटले मी त्यांनाच विचारले. त्यांनी वही मागे उलटली, एका रकान्यावर बोट ठेवले आणि वाचू लागल्या. सकाळी सहाला निघाले, एक तास दहा मिनिटे. परत. पुन्हा तिकडेच. दुपारी दुसऱ्या गावाला, पन्नास मिनिटे. तिथे बॅगा कप्प्यात मावेनात म्हणून बारा मिनिटे उशीर. त्या बोलत गेल्या तशा टेबलावरच्या एकेकाने लेखणी उचलली. पेन्सिल फॉर्मची छापील प्रत पुढे ओढून तिच्यावर वाकला. त्याने पहिल्या प्रश्नावर आडवी रेघ मारली. मग त्याचा हात वर, शीर्षकाशी गेला, तिथे घुटमळला, आणि त्याने मान न उचलता डोळे माझ्याकडे वळवले. "तेही," मी म्हटले. रेघ मारताना त्याने लेखणी फार हलकी धरली होती, खालची अक्षरे वाचता येत होती.

आता माझ्याकडे कोणी बघत नव्हते. बाईंचे बोलणे मधल्या माणसांना नीट ऐकू यावे म्हणून मी खुर्ची थोडी मागे घेतली, भिंतीपर्यंत. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि मला एकदम खूप बरे वाटले, बादलीवर बसल्यासारखे. बाईंचे बोट रकान्याच्या तळाशी पोहोचले. संध्याकाळची शेवटची फेरी, एक तास पाच मिनिटे. त्या थांबल्या. कोणी तरी आता आभार मानणार आणि पाणी मागवणार, एवढ्यात मी पुढे झुकलो. कोणी विचारले नसताना बैठकीत तोंड उघडण्याची माझी ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

"आणि परवा?"

बाईंनी पान उलटले.